विषमज्वराचे निरोगी वाहक



वसंतातल्या संध्याकाळी बोलण्याजोगे विषय पुष्कळ आहेत. काव्य आहे, इतिहास आहे, संतवाङ्मय आहे. ते सारे बाजूला सारून विष्ठा, पित्त आणि जंतू यांची कथा सांगावयास उभ्या राहिलेल्या माणसाला श्रोत्यांनी थोडी क्षमा केली पाहिजे. तथापि हा विषय मी जाणूनबुजून याच ऋतूसाठी निवडला आहे. ऊन तापू लागते, विहिरी तळाला जातात, वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट पाहणे सुरू होते, चौकाचौकात बर्फाच्या गोळ्याच्या गाड्या लागतात आणि लग्नसराई ऐन भरात येते. नेमक्या याच दिवसांत, आणि पुढे पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्याबरोबर, एक जुना रोग आपल्या उंबऱ्याशी येऊन उभा राहतो. ग्रंथांत त्यास विषमज्वर म्हणतात, डॉक्टर टायफॉइड म्हणतात, आणि आपल्या घरची वडील मंडळी त्यास मुदतीचा ताप किंवा मोतीझरा म्हणत आली.

या रोगाची लक्षणे आपणांपैकी अनेकांनी घरात पाहिलेली असतील. म्हणून त्यांचे वर्णन करण्यात मी वेळ घालवीत नाही. मला आज एकाच प्रश्नाचा माग काढावयाचा आहे. रोगी नसतो तेव्हा हा रोग कोठे असतो?

उदाहरण म्हणून आपल्या रोहिणखेडचेच घेऊ. घाटाखालचे हे जुने गाव. एके काळी बऱ्हाणपूरकडून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजा या बाजूने जात. निजामशाहीच्या गादीसाठी १५९० च्या सुमारास येथे मोठी लढाई झाली, आणि त्या काळच्या मशिदीची वास्तू गावाच्या जुन्या वैभवाची साक्ष देते. आता समजा, या गावात वैशाखात एक लग्न झाले. जेवणावळी उठल्या, पाहुणे पांगले. पंधरा दिवसांनी गावातील पाचसहा माणसे आणि परगावी गेलेले तीनचार पाहुणे तापाने अंथरुणाला खिळले. रक्त तपासले तेव्हा विषमज्वराचे जंतू सापडले. गावात तर वर्षभरात असा रोगी झालेला नाही. मग जंतू आला कोठून? आभाळातून तर पडला नाही!

दीडशे वर्षांपूर्वी विचारले असते तर मोठमोठ्या वैद्यांनी सांगितले असते की, घाणीच्या दुर्गंधीतून हा ताप आपोआप उत्पन्न होतो. इंग्लंडातील विल्यम बड या खेड्यापाड्यांत काम केलेल्या डॉक्टराने ही समजूत नाकारली. रोग्याच्या आतड्यातून बाहेर पडणारे विष दुसऱ्याच्या पोटात गेल्याखेरीज हा रोग होत नाही, असे त्याने आपल्या १८७३ च्या ग्रंथात साधार मांडले. जंतू पाहण्यापूर्वीच जंतूचा रस्ता त्याने ओळखला होता. पुढे १८८० साली एबर्टने रोग्यांच्या शरीरात जंतू पाहिला आणि १८८४ साली गाफ्कीने तो प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. आज या जंतूच्या कुळास साल्मोनेला म्हणतात. डॅनियल साल्मन या अमेरिकन पशुवैद्याचे नाव या कुळास मिळाले. गंमत अशी की, १८८५ साली त्याच्या प्रयोगशाळेत डुकरांच्या रोगातून जो पहिला जंतू वेगळा काढला गेला, तो काढणारा त्याचा साहाय्यक थिओबाल्ड स्मिथ हा होता.

या कुळाचा विस्तार प्रचंड आहे. २,५०० हून अधिक प्रकार मोजले गेले आहेत. परंतु सामान्य माणसाने त्यांचे दोनच तट लक्षात ठेवावेत. पहिला तट विषमज्वर आणि त्याचा धाकटा भाऊ पॅराटायफॉइड यांच्या जंतूंचा. दुसरा तट कोंबड्या, अंडी, जनावरे, मांस यांच्याद्वारे येणाऱ्या आणि जुलाब-वांत्या करणाऱ्या जंतूंचा. या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. दुसऱ्या तटातील जंतू पशुपक्ष्यांच्या आतड्यांत सुखाने राहतात, माणूस त्यांना अधूनमधून भेटतो एवढेच. विषमज्वराच्या जंतूस मात्र या अफाट सृष्टीत माणसावाचून घर नाही. गाय नाही, कोंबडी नाही, उंदीर नाही. तेव्हा रोहिणखेडच्या लग्नात जो जंतू आला तो कोणत्या तरी माणसाच्याच शरीरातून आला, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. आणि गावात रोगी नव्हता हेही खरे. म्हणजे तो माणूस रोगी नव्हता!

हे कोडे उलगडण्यासाठी आपणांस जंतूबरोबर माणसाच्या पोटात उतरावे लागेल.

पाण्यातून वा अन्नातून गिळलेला जंतू प्रथम जठरात येतो. तेथील आम्ल पुष्कळांना मारते. जे वाचतात ते लहान आतड्यात पोचतात आणि आतड्याच्या अस्तरातून आत शिरतात. परक्या जंतूंना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी आपल्या शरीरात असतात. त्या या जंतूलाही गिळतात. परंतु हा असा चोर आहे की, पोलिसाच्या गाडीत बसूनच गावभर हिंडतो. भक्षक पेशीच्या आत तो मरत नाही, उलट वाढतो, आणि तिच्याच पाठीवर बसून यकृत, प्लीहा आणि हाडांतील मगज येथवर प्रवास करतो. हे सारे निमूटपणे चाललेले असते. सामान्यतः दहा ते चौदा दिवस, कधी त्याहून कमी तर कधी महिनाभरही, माणसाला काहीच कळत नाही. मग जंतू रक्तात उतरतो आणि ताप पायरीपायरीने चढू लागतो.

यकृतातून जंतू पित्ताबरोबर पित्ताशयात येतो आणि तेथून पुन्हा आतड्यात उतरतो. या दुसऱ्या फेरीत आतड्याच्या अस्तरातील ग्रंथी सुजतात, त्यांना व्रण पडतात. तिसऱ्या आठवड्यात रक्तस्राव होणे किंवा आतड्याला छिद्र पडणे, ही जी भीती जुने वैद्य बाळगीत, तिचे कारण हे व्रण होत. औषध नसताना शंभरातील दहा ते वीस रोगी दगावत. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉलचा गुण सिद्ध झाला आणि हे चित्र पालटले. वेळेवर योग्य औषध मिळाले तर आज शंभरात एकही दगावू नये.

ताप उतरतो. रोगी पथ्याचा भात खातो, काठी टेकीत अंगणात येतो, महिन्याभरात कामाला लागतो. घरची माणसे देवाला नारळ फोडतात. रोग बरा झाला, हे अगदी खरे. परंतु जंतू गेला काय?

बहुतेकांच्या बाबतीत जातो. काही आठवड्यांत विष्ठेतून तो नाहीसा होतो. औषध न घेतलेल्यांपैकी दहाजणांत सुमारे एकजण तीन महिन्यांपर्यंत जंतू बाहेर टाकीत राहतो. आणि शंभरातील एक ते चार किंवा पाच माणसे अशी असतात की, ज्यांच्या शरीरातून वर्ष उलटले तरी जंतू जात नाही. कित्येकांत तो जन्मभर राहतो. यांना आपण कायमचे रोगवाहक म्हणू. त्यांना ताप नसतो, पोट दुखत नाही, भूक उत्तम लागते. इतकेच नव्हे, तर अशा वाहकांपैकी अनेकांना आपणांस कधी विषमज्वर झाला होता हेही आठवत नाही. लहानपणी येऊन गेलेला चारसहा दिवसांचा किरकोळ ताप कोण ध्यानात ठेवतो?

हा जंतू राहतो कोठे? प्रामुख्याने पित्ताशयात. यकृताखाली लहानशा पिशवीसारखे असणारे हे इंद्रिय पित्त साठविते. पित्त इतर अनेक जंतूंना मारक असते. या जंतूने मात्र त्यात तग धरण्याची कला साधली आहे. त्यातच पित्ताशयात खडे असतील तर त्याचे फावतेच. ज्याप्रमाणे पाण्याच्या जुन्या टाकीच्या तळाशी बुळबुळीत शेवाळ धरते, त्याप्रमाणे खड्यांच्या पृष्ठभागावर हे जंतू एकत्र येऊन चिकट थर धरतात. या थराच्या आत औषध नीट पोचत नाही आणि शरीराच्या संरक्षक पेशीही पोचत नाहीत. थरातून काही जंतू सुटे होतात, पित्ताबरोबर आतड्यात उतरतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. रोज पडतातच असे नाही. आज पडतात, आठ दिवस पडत नाहीत, पुन्हा पडतात. पित्ताशयाचे खडे स्त्रियांत आणि उतारवयात अधिक आढळतात. म्हणून कायमच्या वाहकांतही प्रौढ स्त्रियांचे प्रमाण अधिक असते.

या वाक्यापाशी क्षणभर थांबू या. जी प्रौढ स्त्री वाहक असण्याचा संभव अधिक, तिच्याच हाती आपण आपल्या घराचा स्वयंपाक सोपविलेला आहे. जंतूला याहून सोयीची व्यवस्था कोणी करून दिली नसती.

निरोगी माणूस रोग पसरवितो, ही कल्पना शास्त्रज्ञांनाही सहजासहजी पटली नाही. रॉबर्ट कॉखने १९०२ साली तिचा पुरस्कार केला आणि त्यानंतर जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात विषमज्वराविरुद्ध मोठी मोहीम निघाली. त्या मोहिमेत स्ट्रासबर्ग येथील एका बेकरीच्या मालकिणीची हकीगत उजेडात आली. तिला पूर्वी कधी तरी विषमज्वर येऊन गेला होता. तिच्या बेकरीत जो जो नवा नोकर राही, तो तो आजारी पडे. बाई मात्र ठणठणीत!

परंतु जगभर गाजली ती न्यूयॉर्कमधील मेरी मॅलनची कथा. मेरी १८६९ साली आयर्लंडात जन्मली, पोटासाठी अमेरिकेत गेली आणि श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकीण झाली. हाताला चव होती. मागणीही चांगली होती. १९०६ च्या उन्हाळ्यात ऑयस्टर बे या ठिकाणी भाड्याने बंगला घेऊन राहिलेल्या एका सावकाराच्या कुटुंबात अकरापैकी सहा माणसांना विषमज्वर झाला. जॉर्ज सोपर नावाच्या आरोग्य-अभियंत्याने तपास केला. पाणी पाहिले, दूध पाहिले, मोऱ्या पाहिल्या, दोष सापडेना. मग त्याला कळले की, साथीच्या सुमारे तीन आठवडे आधी घरात नवी स्वयंपाकीण आली होती आणि आता ती काम सोडून गेली आहे. त्याने तिच्या आधीच्या नोकऱ्यांचा शोध घेतला. आठ कुटुंबांपैकी सात कुटुंबांत तिच्या कारकिर्दीत विषमज्वर झाला होता.

येथे एक शंका येते. शिजवलेल्या अन्नातील जंतू तर मरतात. मग मेरीच्या हातून रोग गेला कसा? उत्तर साधे आहे. ती पीच या फळाच्या ताज्या फोडी घालून आईस्क्रीम फार सुरेख करीत असे. ते चुलीवर चढत नाही, आणि थंडीने हा जंतू मरत नाही!

१९०७ साली तिला पकडून नदीतील एका बेटावरच्या रुग्णालयात ठेवण्यात आले. तेथे तिच्या विष्ठेचे १६३ नमुने तपासले गेले, त्यांपैकी १२० मध्ये जंतू निघाले. म्हणजे ४३ वेळा निघाले नाहीत, हेही लक्षात ठेवा. मेरीने हा आरोप कधीच मान्य केला नाही. तिचे म्हणणे सरळ होते. मी आजारी नाही, मी कधी आजारी नव्हते, मग मला कोंडता कशाला? १९१० साली पुन्हा स्वयंपाकाचे काम न करण्याच्या अटीवर तिला सोडले. पाच वर्षांनी एका प्रसूतिगृहात विषमज्वराची साथ आली. पंचवीसजण आजारी पडले, दोघे मेले. तेथील स्वयंपाकीण नाव बदलून राहिलेली मेरी होती. तिला पुन्हा बेटावर नेले, आणि १९३८ च्या नोव्हेंबरात ती तेथेच वारली. दोन्ही वेळचे मिळून सुमारे २६ वर्षे तिने अशी काढली.

मेरीची चूक होती काय? दुसऱ्या खेपेस होती, असे म्हणावेच लागेल. दोन जीव गेले. परंतु सरकारनेही आपल्या बाजूने काय केले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. स्वयंपाकावर जिच्या पोटाची भाकरी अवलंबून, तिला स्वयंपाक करू नकोस असे सांगितले. पण तितक्या मिळकतीचे दुसरे काम शिकवून हाती दिले नाही. धुण्याच्या कामात मजुरी थोडी, म्हणून ती पुन्हा चुलीकडे वळली. त्या शहरात पुढे शेकडो वाहकांची नोंद झाली, पण मेरीसारखी जन्मठेप इतर कोणाच्या वाट्याला आली नाही. शास्त्र खरे ठरले, पण न्याय अर्धाच झाला.

आपल्या देशातही हे संशोधन लवकरच झाले. लढाईत गोळीपेक्षा रोगच अधिक शिपाई मारतो, हे बोअर युद्धात दिसून आले होते आणि त्या रोगांत विषमज्वर अग्रभागी होता. हिंदुस्थानातील गोऱ्या पलटणींना त्याचा सतत उपद्रव होई. आल्मरॉथ राइटने तयार केलेल्या पहिल्या लशीचा प्रयोग १८९८ च्या सुमारास येथीलच सैनिकांवर झाला. पुढे कसौलीच्या संस्थेतर्फे सेंपल आणि ग्रेग या लष्करी डॉक्टरांनी बऱ्या झालेल्या सैनिकांची तपासणी करून, त्यांतील काहीजण जंतू बाहेर टाकीत राहतात, असे १९०८ साली प्रसिद्ध केले. आज शंभराहून अधिक वर्षे झाली. छावणीत जे समजले ते गावात अजून पुरतेपणी पोचलेले नाही.

आता जंतू बाहेर पडल्यावरचा रस्ता पाहू. विषमज्वराचा जंतू पाण्यात वाढत नाही. पुष्कळसे जंतू दोन दिवसांत मरतात, काही आठवडाभर टिकतात. म्हणून स्वच्छ विहिरीत एकदा पडलेला जंतू कालांतराने नाहीसा होतो. परंतु नळाला रोज नवी घाण मिळत असेल तर धोका रोज नवा असतो. आपल्याकडे नळाला पाणी ठराविक वेळीच येते. पाणी बंद असताना नळीत पोकळी होते, आणि फुटक्या जोडातून शेजारच्या गटारीचे पाणी आत ओढले जाते. बर्फात हा जंतू महिन्याहून अधिक काळ जगतो. दूध म्हणजे तर त्याचे पक्वान्नच! दुधात तो भराभर वाढतो आणि दुधाची चव वा रंग तसूभरही बदलत नाही.

वाढीचा हिशेब मोठा विलक्षण आहे. उबदार अन्नात अनुकूल परिस्थिती मिळाली तर असा जंतू सुमारे वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. रात्री दहा वाजता उघड्या पातेल्यात एक जंतू पडला असे धरा. सकाळी सहापर्यंत चोवीस वेळा दुप्पट झाली. म्हणजे एकाचे १ कोटी ६७ लाखांहून अधिक झाले. प्रत्यक्षात पहिला काही वेळ जंतू रुळण्यात जातो आणि संख्या इतकी भरतेच असे नाही. तथापि शिळे, कोमट, उघडे अन्न का धोक्याचे, हे या हिशेबावरून ध्यानी यावे.

साल्मोनेलाच्या दुसऱ्या तटाचा मुख्य व्यापार याच हिशेबावर चालतो. त्यांचा फटका सहा तासांपासून तीन दिवसांत बसतो. मळमळ, जुलाब, वांत्या, ताप, आणि बहुधा आठवड्याभरात आराम. रोग गेल्यावरही काही आठवडे जंतू शौचावाटे जात राहतात, पाच वर्षांखालील मुलांत तर अधिकच काळ. मात्र हे जंतू माणसात सहसा कायमचे ठाण मांडीत नाहीत. अशा साध्या जुलाबात उगाच प्रतिजैविके घेतली तर जंतू लवकर जाण्याऐवजी अधिक दिवस रेंगाळतात, असेही आढळले आहे.

अन्नातून होणाऱ्या विषबाधेचा एक प्रसंग आपल्या जिल्ह्याच्या स्मरणात ताजा आहे. २० फेब्रुवारी २०२४ रोजी, एकादशीच्या दिवशी, लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहाच्या फराळानंतर शेकडो भाविक आजारी पडले. खाटा अपुऱ्या पडल्या. झाडांना दोर बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगल्या गेल्या. तो विषमज्वर नव्हता. विषमज्वर इतक्या घाईने येत नाही. परंतु या घाईतच एक धडा आहे. जेवण झाले आणि त्याच रात्री माणसे आजारी पडली, तर सारा गाव जेवणाकडे बोट दाखवितो, वर्तमानपत्रात येते, चौकशी होते. विषमज्वर पंधरा दिवसांनी येतो. तोवर मांडव उतरलेला असतो, पाहुणे दहा गावी गेलेले असतात, आणि प्रत्येकाचा ताप हा त्याचा स्वतःचा सुटा ताप वाटतो. जलद विष आपली फिर्याद स्वतःच मांडते. सावकाश विषाची फिर्याद कोणीच नोंदवीत नाही.

मग वाहक ओळखायचा कसा? येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे तापाच्या रोग्याची विडाल तपासणी करतात. ही तपासणी १८९६ सालची आहे. ती जंतू शोधीत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली द्रव्ये शोधते. पूर्वी येऊन गेलेल्या रोगाने, लशीने, क्वचित दुसऱ्याच तापानेही ती होकारार्थी येऊ शकते. ताप उतरून सहा महिने झालेला माणूस ही तपासणी पुनःपुन्हा करवितो आणि ‘पोटात अजून टायफॉइड आहे’ म्हणून चिंतेने वाळतो. विडाल होकारार्थी येणे म्हणजे वाहक असणे नव्हे, आणि ती नकारार्थी येणे म्हणजे वाहक नसणेही नव्हे. तापात खरा निर्णय रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीने होतो. औषध सुरू करण्यापूर्वी, पहिल्या आठवड्यात, ती करावी. वाहकाचा निर्णय विष्ठेच्या तशाच तपासणीने होतो, आणि मेरीचे ते ४३ नमुने आठवले तर एका नमुन्यावर भागत नाही हे सांगावयास नको. लागोपाठचे निदान तीन नमुने पाहावे लागतात.

वाहक बरा होऊ शकतो काय? पुष्कळ वेळा होतो. जंतूस जे औषध लागू पडते ते चार-सहा आठवडे नेटाने घेतल्यास अनेकांच्या शरीरातून जंतू जातो. पित्ताशयात खडे असतील तर औषध अपुरे पडते आणि शस्त्रक्रियेने पित्ताशय काढण्याचा विचार करावा लागतो. मात्र औषधे दिवसेंदिवस बोथट होत आहेत. क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारा जंतू १९७२ साली मेक्सिकोत आणि आपल्या केरळात दिसला. १९९० च्या सुमारास तीन जुनी औषधे एकदम निकामी करणारे जंतू देशभर पसरले. त्यांच्या जागी आलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनचीही आज आपल्याकडे तीच गत झाली आहे. २०१६ पासून सिंध प्रांतात तर बहुतेक सर्व नेहमीच्या औषधांना दाद न देणारा प्रकार उद्भवला. तापाच्या तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या टाकून देणारा आणि दुकानातून विचारून गोळ्या आणणारा, हे दोघेही आपल्या नकळत या जंतूंची तालीम घेत असतात.

म्हणून लशीचे महत्त्व वाढले आहे. हैदराबादेत तयार झालेली नवी संयुग्म लस सहा महिन्यांच्या बालकापासून एकाच टोचणीत देता येते. तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाल्यानंतर सार्वजनिक आरोग्ययंत्रणेमार्फत तिची पहिली मोहीम निघाली ती आपल्या महाराष्ट्रात. २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ही लस टोचली. जगात दरवर्षी सुमारे ९० लाख माणसांना विषमज्वर होतो आणि १ लाख १० हजार मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ सालचा अंदाज आहे. त्या मानाने एका शहराचे हे काम लहान. पण वाट दाखविणारे आहे. मात्र एक भ्रम नको. लस निरोगी मुलाचे रक्षण करते. वाहकाच्या पित्ताशयातील जंतू ती काढीत नाही. आज टोचलेले मूल उद्याचा वाहक होण्याचा संभव कमी होतो, हा तिचा खरा लाभ.

आता पुन्हा रोहिणखेडच्या लग्नमांडवात येऊ. समजा, तपास झाला आणि असे आढळले की, कोशिंबीर कालविणाऱ्या, मठ्ठा घुसळणाऱ्या एका काकू वाहक आहेत. गावातील प्रत्येक लग्नात राबणारी, विधवा, दोन मुलांना या कामावर शिकविणारी बाई. गाव काय करील? मला भीती वाटते ती येथे. तिच्या हातचे पाणी बंद होईल. तिची मुले शाळेत ऐकून घेतील. ज्या समाजाने शतकानुशतके जन्मावरून विटाळ मानला, त्याला शास्त्राच्या नावाने नवा विटाळ सापडावयास वेळ लागणार नाही. आणि असे एकदा झाले की, दुसऱ्या गावची दुसरी बाई आपले दुखणे मरेपर्यंत लपवील. मेरीने नाव बदलले ते उगाच नव्हे.

म्हणून शास्त्र काय सांगते ते नीट समजून घ्या. वाहकाच्या स्पर्शाने विषमज्वर होत नाही. श्वासाने, शेजारी बसण्याने, एका सतरंजीवर झोपण्याने होत नाही. शौचानंतर न धुतलेला हात आणि तोंडात जाणारे अन्नपाणी, एवढाच रस्ता आहे. तो बंद केला की वाहक निरुपद्रवी. शौचाहून आल्यावर साबणाने, बोटांच्या बेचक्यांतून आणि नखांखालून हात धुणे, शौचकूप वापरणे, आणि तपासणी निर्मळ निघेपर्यंत इतरांसाठी स्वयंपाक न करणे, एवढीच तिच्यावर बंधने आहेत. खाद्यपदार्थांचा धंदा करणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी व आंत्रज्वराविरुद्ध लस यांची तरतूद २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत आहेच; ती कागदावर न राहता आचाऱ्यांपर्यंत आणि खानावळींपर्यंत पोचली पाहिजे. आणि तेवढ्या काळात त्या काकूंची चूल पेटती ठेवणे हे गावाचे काम आहे. मांडवात वाढपाची देखरेख, पत्रावळींचा हिशेब, निमंत्रणे, कितीतरी कामे आहेत. तिने सहकार्य करावे अशी अपेक्षा असेल, तर सहकार्याने ती उपाशी पडणार नाही एवढी हमी आपण दिली पाहिजे.

शिवाय असे वाहक किती आणि कोण, हे आपणांस बहुधा कळणारच नाही. प्रत्येक गावात एखादा असेल असे धरूनच व्यवस्था हवी. पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर रोज, मोजून पडली पाहिजे. ओटी तपासणीत शेवटच्या घरच्या नळाला पिवळा रंग येतो की नाही, हे ग्रामस्थांनी विचारले पाहिजे. नळाचे जोड गटारीपासून दूर हवेत. दूध उकळलेले, बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा, आणि पंगतीच्या मांडवात हात धुण्याची जागा आचाऱ्याच्या चुलीशेजारी हवी, साबणासकट. ही कामे झाली तर अज्ञात वाहकही अज्ञातच राहील, आणि त्याच्यापासून कोणास काही होणार नाही. एखाद्याचा शोध घेऊन त्याला कोंडण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आहे आणि माणुसकीचाही.

या आपल्याच वऱ्हाडात गाडगेबाबा होऊन गेले. गावात पाऊल ठेवले की आधी खराटा हाती घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. घाण कोणी केली, हे ते विचारीत बसले नाहीत. ती नाहीशी करावयास लागले. विषमज्वराच्या बाबतीत मला याहून अधिक काही सांगावयाचे नाही.

घरी गेल्यावर जेवायला बसण्यापूर्वी आज सर्वांनी हात जरा अधिक वेळ धुतले, तर हे व्याख्यान वाया गेले नाही असे मी समजेन.